गादीत शिवलेला दाब

अब्बा, तुमच्याशी मराठीत बोलायची मला सवय नाही. घरात आपली दखनी चालायची, मराठी दुकानात गिऱ्हाइकांसाठी असायची. पण मला मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, त्यामुळं कागद पुढं घेतला की हीच भाषा येते. आणि आज मी रागात आहे, रागात भाषा निवडत बसता येत नाही. कुणावर राग आहे ते सांगतेच. थोडा तुमच्यावरही आहे, हे आधीच सांगून टाकते.

परंड्याच्या स्टँडसमोरचं आपलं दुकान आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडं आहे. मी तिथून जाते तेव्हा मला अजून रॉकेलचा वास येतो. खरं तर येत नाही, पण माझी मान त्या बाजूला वळते. स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि सगळ्यात जास्त फवारणीचे पंप. ईट-भूमसारख्या गावांकडून लोक पंप पाठीला लावूनच एसटीतून उतरायचे. तुम्ही पंप हातात घेऊन दोन दांडे मारायचात आणि वायसर गेलाय की व्हॉल्व्ह, ते सांगायचात. मला तुम्ही शाळेतून आल्यावर दुकानात बसू द्यायचात. आपल्या मोहल्ल्यात लोक बोलायचे, मुलीला कशाला दुकानात बसवता म्हणून. तुम्ही म्हणायचात, "तिचा हात हलका हाय." बस, एवढंच उत्तर. एकदा पावसाच्या दिवसांत दुकानापुढच्या ओल्या मातीवर तुम्ही एक वीट आडवी ठेवलीत, मग तीच वीट उचलून उभी ठेवलीत. उभी वीट मातीत रुतली. "वजन तेवढंच, पण टेकायला जागा कमी. दाब म्हंजे हे," तुम्ही म्हणालात. पुढं डिप्लोमाला असताना सरांनी हेच सूत्र फळ्यावर लिहिलं, तेव्हा मला ती वीट दिसली होती.

आणि ते माप. ते तुम्ही विसरला नसणार. मी बारा वर्षांची होते. शुक्रवार होता, तुम्ही नमाजला गेला होता. रेशन दुकानदार आला, रॉकेलचं लिटरचं माप घेऊन. म्हणाला, "बेटा, बुड जरा आत उचलून डाग दे. गळतंय." गळत नव्हतं. मी पाणी ओतून पाहिलं होतं. पण मोठं माणूस सांगतंय, आणि मला डाग देता येतो, कथील वितळवून पत्रा सांधता येतो, हे त्याला ठाऊक आहे, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी ठोकून ठोकून बुड बोटभर आत घेतलं आणि इतका सुबक डाग दिला की तसा तुम्हालाही जमला नसता. तुम्ही आल्यावर मी फुशारकीनं सांगितलं. तुमचा चेहरा आत्ताही दिसतो. "ये क्या करी तू?" एवढंच म्हणालात. माझा हात धरून तुम्ही मला त्या रेशन दुकानात नेलंत. बाहेर बायकांची रांग, डबे घेतलेली. माझ्या त्या मापात प्रत्येकीला बोटभर रॉकेल कमी मिळणार होतं. तुम्ही दुकानदाराकडं माप मागितलं, खिशातून पाना काढला आणि सगळ्यांसमोर माझा तो डाग उखडलात. दुकानदार ओरडत राहिला. परत येताना वाटेत तुम्ही म्हणालात, "हातात हुनर हाय म्हणून कुणाचंबी काम करायचं व्हय?" मी रडत होते. तुम्ही मला गप्प केलं नाहीत.

आता माझं ऐका. मी जे बनवते ते मसुरीच्या डाळीएवढं आहे. त्याला सेन्सर म्हणतात. रबरात, कापडात, प्लास्टिकमध्ये, कशाच्याही आत ते बसवता येतं, आणि त्याच्यावर किती दाब पडतोय ते बारीक तारेतून बाहेर कळवतं. पुण्यात मी बारा वर्षं मापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काढली, मग परत आले. कुर्डुवाडी रस्त्याला दोन खोल्यांत आमचं काम चालतं. आम्ही सहा जणी आहोत. प्रत्येक नग आम्ही गरम पाण्यात, थंड पाण्यात, दाबाखाली ठेवून तपासतो. तपासल्याशिवाय एकही बाहेर जात नाही, ही सवय कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्यांदा फवारणी पंपाच्या कंपनीनं घेतला. मग टायरवाल्यांनी, मग ठिबकच्या फिल्टरवाल्यांनी, दूध काढायच्या मशीनवाल्यांनी. एका दवाखान्यानं पडून असलेल्या पेशंटच्या गादीत बसवला, एकाच जागी दाब राहून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. त्या दिवशी मी खरंच खूश होते. विक्रीचं सगळं माझा पुण्याचा भागीदार बघतो. त्याचं एकच म्हणणं, "मॅडम, जिथं दाब आहे तिथं आपण आहोत." धाराशिवला माझा सत्कार झाला, शाल, नारळ, पेपरात फोटो. ज्यानं त्यानं म्हणायचं, अब्बांचं नाव काढलंस. मला ते गोड वाटायचं. आता ते शब्द आठवले की अंगाला खाज सुटते.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी एक बाई आमच्या दारात आली. तिशीची असेल, पोटुशी, सहावा महिना तरी असावा. हातात पिशवी. पाणी दिलं तर आधी प्यायली नाही, पिशवीतून एक फाडलेली गादी काढली, स्टुलावर ठेवायची असते तसली, चौकोनी, निळी. स्पंजाच्या आतून तिनं तार ओढून काढली आणि तारेच्या टोकाचं ते डाळीएवढं माझ्या टेबलावर ठेवलं.

"ताई, हे तुमच्याकडचं हाय का?"

आमच्याकडचंच होतं. आमच्या रबराचा रंग मला अंधारातही ओळखू येईल.

"आमच्यातल्या एकीची बहीण तुमच्यात कामाला हाय, तिनं सांगितलं," ती म्हणाली. "आमी गणवेश शिवायच्या कारखान्यात हाव. महिला दिनाला मालकानं गाद्या वाटल्या. फुलं दिली, फोटो काढले. म्हनले, तुमच्या कमरेला आराम. आमी बी खूश. मग पंधरा दिवसांनी भिंतीवर कागद लागाया लागला. कोन किती येळा उठली, किती मिनटं बाहेर हुती. नावानिशी. सुपरवायजर रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून दावतो, समद्या पुरुषांम्होरं. माझं नाव रोज वर असतं. आता ताई, अशा दिवसांत मला लई येळा जावं लागतंय. म्या काय करू? पानी प्यायचं सोडलंय म्या."

तिनं पाण्याचा पेला का हातात घेतला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. त्या उन्हात ती बाई एसटीनं आली होती, आणि पाणी प्यायची तिची सवयच मोडली होती. मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं." ती म्हणाली, "आसंल. पर आता ठाव झालं की न्हाय?"

मी तिच्यासमोरच भागीदाराला फोन लावला. तो अजिबात चकित झाला नाही. म्हणाला, बैठकीच्या गाद्या हा मोठा बाजार आहे, कारखाने, कॉल सेंटर, दुकानं, सगळीकडं जाणार. मी म्हणाले, त्या बायकांना न सांगता? तो म्हणाला, "मॅडम, आपण दाब मोजतो. कुणावरचा दाब, ते आपलं काम नाही." तो हे अगदी सहज बोलला, समजुतीच्या सुरात. मी म्हणाले, एकही नग यापुढं गादीत जाणार नाही. तो म्हणाला, करार वाचा, गादीवाल्यांचा माल ठरलाय, नाही दिला तर ते दुसरीकडं आपल्यासारखाच बनवून घेतील आणि वर आपल्यावर केस टाकतील. शिवाय कारखान्यात बसलेल्या गाद्या तर बसल्याच आहेत.

इथं मला तुमचा राग आला, अब्बा. खरंच आला. तुम्ही माझा हात धरून पाचशे पावलं चाललात, माप मागितलंत, डाग उखडलात आणि परत येऊन चहा प्यायलात. तुमचं माप एक होतं. ते कुठं आहे ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला वाईट काम करू नको हे शिकवलंत, पण हातातून गेलेलं काम हजार ठिकाणी जाऊन बसलं तर पाना कुठं लावायचा ते कुठं शिकवलंत? मी कुणाच्या दारात जाऊ? भिंतीवर कागद लावणारा म्हणतो मला कॉम्प्युटर सांगतो. कॉम्प्युटरवाला म्हणतो मला गादी सांगते. गादीवाला म्हणतो मला सेन्सर सांगतो. आणि सेन्सर म्हणजे मी. एवढ्या सगळ्या लोकांत एकालाही त्या बाईचं लघवीला जाणं मोजायची लाज वाटली नाही, ती लाज तेवढी तिच्या एकटीच्या पदरात टाकली. वर गादीला नाव काय, तर आरोग्य गादी!

ती बाई अजून बसलेली होती. माझं फोनवरचं ओरडणं तिनं ऐकलं होतं आणि त्यातून काही निघणार नाही हेही तिला समजलं होतं. तिनं विचारलं, "ताई, उठताना वर काय ठिवलं तर त्याला कळत न्हाय? म्या रिळांचा डबा ठिवून बघितला. न्हाय जमलं."

मी तिच्याकडं बघितलं. मग सेन्सर परत स्पंजात बसवला, तिची गादी जमिनीवर ठेवली, बाहेर जाऊन लिंबाएवढा गुळगुळीत दगड आणला, गादीच्या बरोबर मध्यावर ठेवला आणि त्या दगडावर आमचा बाटल्यांचा डबा. तार मीटरला जोडली. काटा माणूस बसल्यावर जातो तिथं गेला. "डबा नुसता ठेवलास तर वजन सगळीकडं पसरतं," मी म्हणाले. "खाली टेकायला जागा कमी ठेव." तिला एकदाच सांगावं लागलं. ती हसली, आणि मग पाणी प्यायली, सगळा तांब्या.

महिन्याभरात त्या कारखान्यातल्या सगळ्या बायका दिवसभर जागच्या हलत नव्हत्या, असं कागद म्हणू लागला. जेवणाच्या सुट्टीतही हलत नव्हत्या. ती फोनवर सांगत होती, "सुपरवायजरला आदी वाटलं आमी सुधारलो. मग म्हनला, ह्या जेवत्यात कवा?" मला हसू आवरेना. खूप दिवसांनी मी तशी हसले.

पण मग गादीवाल्यांची तक्रार आली. सेन्सर बिघडलेत, म्हणून. माझ्याकडं! अब्बा, आमच्या एका नगाची आजवर तक्रार नव्हती. ते नग परत आले, आम्ही सहा जणींनी तपासले, सगळे चोख होते. आमच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, "लिवून द्या की चांगले हायेत म्हनून. आपली काय चूक?" खरं लिहिलं असतं तर त्यांनी बायकांच्या टेबलांखाली शोधलं असतं आणि दगड सापडले असते. मी दोन दिवस तो कागद तसाच ठेवला. मग लिहिलं: हा सेन्सर माणसाच्या बैठकीसाठी योग्य नाही, स्पंजात तो चुकीची नोंद देतो, जबाबदारी आमची. खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा तपासणीच्या कागदावर मी खोटं लिहिलं, आणि तेही माझ्याच हातच्या चांगल्या कामाविरुद्ध.

गाद्या निघाल्या. भिंतीवरचा कागदही निघाला. ते पत्र मात्र बाजारात फिरलं. टायरवाले गेले, दूध मशीनवाले अजून विचारात आहेत, भागीदारानं वकिलाकडून कळवलं की तो वेगळा होतोय. पंपवाले राहिले, दवाखाना राहिला. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना मी समक्ष जाऊन खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या पेशंटच्या पाठी आम्हाला सांगतायत की तुमचा माल चांगला आहे." आमच्या सहा जणींपैकी कुणालाही घरी बसवावं लागलेलं नाही, पण पूर्वी आठवडाभर चालायचं ते काम आता चार दिवसांत संपतं. त्या बाईला मुलगी झाली. बाळंतपणाची सुट्टी तिला भांडून घ्यावी लागली, ती तिनं घेतली.

लोक आता सत्काराला बोलवत नाहीत. गावात बोलतात, बाईचा माल फेल गेला. परवा बाजारात तुमच्या ओळखीचे एक चाचा भेटले. म्हणाले, "बेटी, तुझ्या अब्बांच्या हातचा पंप कधी परत आला न्हाय." मी घरी आले आणि हे लिहायला बसले. मला ओरडायचं असेल तर ओरडा. खोटं लिहिलं म्हणून ओरडा, दगड ठेवायला शिकवला म्हणून ओरडा. त्याची मला लाज नाही, परत वेळ आली तर परत लिहीन.

हे कागद मी कबरस्तानात आणून वाचणार नाही, तिथं शेजारीपाजारी ओळखीचेच झोपलेत. कुणाला दाखवणारही नाही. कारण एक राहिलं आहे. गादीवाल्यांची पहिली ऑर्डर आली, तेव्हा त्या कागदावर तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं, 'कामगार बैठक नोंदीसाठी'. ऑर्डर मोठी होती. मी ती ओळ वाचली होती, अब्बा. वाचून मी पुढचं पान उलटलं होतं.