गुणाबाई मोहुर्ले हिच्या रिसाल्याच्या बिल्ल्यांबाबत

मी, गुणाबाई, मयत वारलू मोहुर्ले यांची विधवा, धंदा शेती, राहणार मौजा सावली, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे आणि नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने मी हे लिहीत नाही. गोड बोलणारे आले होते, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. याआधी मी असा कागद केलेला नाही. केला होता असे म्हणत कोणी कागद पुढे आणला तर तो खोटा समजावा, आणि आणणाऱ्याचे नाव नीट लिहून ठेवावे.

कलम १. राहते घर, परसातली विहीर आणि तळ्याखालची धानाची बांधी ही माझ्या यजमानांची त्यांच्या कमाईची होती. नव्या कायद्याने आता ती पूर्णपणे माझी आहे, असे चांद्याच्या वकिलांनी सांगितले. त्यांना न कळू देता मी दुसऱ्या वकिलांनाही विचारले. दोघांचे उत्तर एकच आले. तरीही हे दोघे एकमेकांचे नातलग तर नाहीत ना, ते मी पाहून घेतले.

हे सर्व माझी नणंद अन्नपूर्णा हिला द्यावे. विधवा झाल्यापासून ती माझ्यासोबत राहते. इतक्या काळात तिने माझा बिल्ल्यांचा डबा उघडून दाखव असे एकदाही म्हटले नाही. न विचारणाऱ्या माणसाचाही मला संशय येतो, म्हणून एकदा मी डबा मुद्दाम उघडा टाकून बाजाराला गेले. परतले तर तिने डब्यावर सूप पालथे घालून ठेवले होते. म्हणाली, "कोंबड्या नाचून राह्यल्या होत्या त्याच्यावर."

कलम २. यजमानांची आरी, रापी, मेणाचा दोरा आणि खोगीर शिवायचा लाकडी चिमटा मंगरू मोची याला द्यावा. त्याने कधीतरी उसनी नेलेली कानस मात्र आधी परत आणावी.

कलम ३. रिसाल्याचे बिल्ले.

यजमान कामठीच्या छावणीत रिसाल्याची, म्हणजे घोडदळाची, खोगिरे शिवत. मीही तिथेच नोकरांच्या लाइनीत राहिले. एका जमादाराच्या बायकोने मला लिहायला शिकवले. पुढे घोडे गेले आणि मोटारी आल्या. जुने सामान ढिगाने बाहेर पडले. एके दिवशी यजमान ओंजळभर पितळी बिल्ले घेऊन आले आणि म्हणाले, "गुणा, यायले चुलीत नको टाकू. एकेकाच्या मागं एकेक माणूस गेला हाये." त्याच पावसाळ्यात ते तापाने गेले.

मी सावलीला परत आले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मीच बिल्ले शोधू लागले. घुग्घुसच्या खाणीतल्या एका मजुराच्या दाराला कडीऐवजी बिल्ला ठोकलेला सापडला. आरमोरीच्या बाजारात एका गवळणीने दुधाच्या झाकणाला मूठ म्हणून झाळून घेतला होता. कशावर आडवेतिडवे भाले, कशावर वाघाचे तोंड, कशावर नुसता आकडा. स्वस्तात देणाऱ्याकडून मी कधी घेतला नाही. स्वस्तात देणारा काहीतरी लपवतो.

खरा बिल्ला ठशाखाली दाबून काढलेला असतो. तो पातळ आणि हलका असतो, आणि पुढचे चित्र पाठीवर खोलगट उलटे उमटलेले असते. ओतीव नक्कल जड असते, तिची पाठ सपाट. हे अन्नपूर्णेने ध्यानात ठेवावे. बिल्ले तिला मिळावेत. ज्या सवाराचा बिल्ला आहे त्याच्या घरचे कोणी आले तर त्यांचा त्यांना द्यावा. बाकी कोणी आले तर एका वेळी एकच हातात द्यावा, आणि त्याच्या दुसऱ्या हाताकडे लक्ष ठेवावे.

कलम ४. पोचू मडावी, राहणार आलापल्लीकडचे एक जंगलातले गाव, याच्या बापाचा बिल्ला माझ्या मालमत्तेत धरू नये. तो माझा कधीच नव्हता. पोचूचा बाप इसरू रिसाल्याच्या घोड्यांसोबत सईस म्हणून बसऱ्याच्या लढाईवर गेला आणि आला नाही. त्याच्या सवाराने आठवण म्हणून आपला बिल्ला इसरूच्या घरी पोचवला. पोचूचे घर वणव्यात जळाल्यावर त्याने तो माझ्याकडे ठेवायला दिला.

माझा दीर मुखरू एका नागपूरच्या गृहस्थांना घेऊन आला. त्यांना नेमका तोच हवा होता. मी म्हटले, "माया नाई, मी कशी देऊ?" गृहस्थ हसले आणि चहा पिऊन गेले. चहा संपेपर्यंत ते माझ्याकडे न पाहता डबा ठेवलेल्या कपाटाकडे पाहत होते.

पुढे एका बाजाराच्या दिवशी मी डबा पुसायला काढला, तर तो बिल्ला हाताला जड लागला. उलटून पाहिला. पाठ सपाट. दुसऱ्याची ठेव माझ्या घरातून गेली होती. मी कोणालाही काही बोलले नाही, अन्नपूर्णेलाही नाही. जो आधी बोलेल त्याला माहीत असेल, एवढेच मनाशी धरले.

दोन दिवसांनी मुखरू ओसरीवर येऊन बसला. "वहिनी, तो पोचू येऊन गेला म्हणे मीठ न्यायले. डब्बा पाह्यला काय?"

"पाह्यला. ठीक हाये. काऊन पुसता, भाऊजी?"

"सहज. जंगलातल्या लोकायचा भरोसा नाई. मनाल त ठाण्यात वर्दी देतो."

मी नाही म्हटले. दुसऱ्याच दिवशी मी चैतू ओताऱ्याकडे गेले आणि जड बिल्ला त्याच्यापुढे ठेवला. असाच आणखी एक करून दे म्हटले.

चैतू म्हणाला, "अजून एक? मुखरूभाऊनं नेला ना पोळ्याच्या आधी. मले वाटलं तुमीच धाडलं."

त्याने दुसरा ओतून दिला. पहिला मी डब्यात जागच्या जागी ठेवला. दुसरा मोहफुलांच्या मडक्यात टाकला. मग भिंतीपलीकडच्या मुखरूला ऐकू जाईल असे अन्नपूर्णेला म्हटले, "डब्यातली ती पातळ पत्र्याची नक्कल होती बाई, लोकायले दाखवाले. खरा भरीव बिल्ला मी मोहाच्या मडक्यात ठेवतो."

मुखरूला वजन म्हणजेच खरेपणा वाटतो. त्याने नेलेला पातळच होता, म्हणजे आता तोच त्याला नक्कल वाटणार. मी बांधीवर गेले तेवढ्यात तो येऊन गेला. परत येऊन मी मडक्यात हात घातला तर हलका, खोलगट पाठीचा, इसरूच्या सवाराचा बिल्ला बोटांना लागला. जड बिल्ला नेल्यावर मडके रिकामे दिसू नये म्हणून मुखरूने स्वतःच तो परत ठेवला होता. मी तिथेच खाली बसले. रडायला आले, हे लिहायला हरकत नाही.

धान मळून झाल्यावर गृहस्थ पुन्हा आले, मुखरूच्याच घरी. भिंतीपलीकडून आवाज आला, "पाठ पाहा याची, पाठ!" आणि मुखरूचा, "साहेब, वजन त पाहा!" त्यानंतर ते गृहस्थ सावलीत दिसले नाहीत.

मी पोचूला निरोप धाडून बोलावले आणि सगळे सांगून बिल्ला त्याच्या हातात दिला. त्याने बराच वेळ अंगठ्याने चोळला. म्हणाला, "तुमच्याच पासी राहू द्या बाई. माया घराले कवाड नाई."

"माया घराले कवाड हाये," मी म्हटले, "तरी गेला होता."

मग त्याने तो पागोट्यात खोचला आणि गेला. चैतूच्या पहिल्या नकलेची मी बैलाच्या गळ्यात वाजायला घाटी करवून घेतली आहे. ती गोठ्यातच राहावी.

कलम ५. मुखरू मोहुर्ले याला माझ्या मालमत्तेपैकी काहीही देऊ नये. बिल्ला नेला म्हणून नाही. पोचूला ठाण्यात धाडायला निघाला होता, म्हणून.

कलम ६. साक्षीदाराला मालमत्तेतले काही मिळत नसले तर पुढे बोलायला जागा राहत नाही, आणि त्याने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हे दोन्ही वकिलांनी सांगितले. पोचूला काही मिळत नाही. जे मिळाले ते त्याचेच होते. दुसरा साक्षीदार म्हणून मी मुखरूला बोलावले आहे. माझे डोके फिरले होते असे उद्या त्याला म्हणता येऊ नये. आज सकाळी सांगायला गेले तर त्याने खुशीने टोपी घातली आणि विचारले, "वहिनी, मायं नाव हाये ना त्या कागदात?"

मी म्हटले, "हाये ना भाऊजी. लय ठिकाणी हाये."

सही: गुणाबाई वारलू मोहुर्ले

आमच्यासमोर गुणाबाईंनी शुद्धीवर असताना सही केली, व त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. पोचू इसरू मडावी, डाव्या हाताचा अंगठा
२. मुखरू मोहुर्ले, सही, मजकूर न वाचता

मुक्काम सावली, जिल्हा चांदा, मुंबई राज्य
तारीख ९ फेब्रुवारी १९५८