दुधाच्या कॉफीचा रंग

३ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा प्लग ओला! काळाकुट्ट. तीस किका मारल्या, उजवा गुडघा बोंबलतोय. मोटरसायकल पन्नास वर्षांची, मी बहात्तरचा. सकाळी दोघांत आधी कोण सुरू होतं, हाच प्रश्न.

व्हर्ना खिडकीतून म्हणाली, "एल्डन, ती नाही म्हणतेय, तर कशाला मागे लागतोस तिच्या?" बायकोकडे पाठ करून पुन्हा किक मारली. बावीस तारखेला ओर्तेगाच्या शेतात जुन्या गाड्यांची शर्यत आहे, आणि जोएलनने आपणहून फोन केला — "बाबा, यंदा तुझी गाडी मी पळवणार." अकरा वर्षांत पोरीकडून नाताळच्या कार्डापलीकडे काही आलं नव्हतं. तिच्या नवऱ्यावरून मी नको ते बोललो होतो. नवरा गेला, माझे शब्द राहिले. गाडी चाललीच पाहिजे.

५ सप्टेंबर

कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडला. माशी कुठे शिंकत होती ते सापडलं! फ्लोटची पितळी जीभ वाकलेली. त्यामुळे आतलं पेट्रोल थांबतच नव्हतं, प्लग भिजत होता. जीभ केसभर वाकवली. पहिल्या किकला सुरू! मी असा ओरडलो की कुत्रं पळालं.

८ सप्टेंबर, रविवार

सुरू होते, पण प्लगचा रंग काही उतरत नाही. दिवसभर तेच — रस्त्यावर मूठ शेवटपर्यंत पिळून पूर्ण गॅसवर पळवायची, त्याच क्षणी इंजिन बंद करायचं, घरंगळत थांबायचं, प्लग काढून बघायचा. दुधाच्या कॉफीचा रंग आला की जमलं. काळपट म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, पिस्टन भाजणार. जोएलन नऊ वर्षांची असताना तिला हे पाठ करून घेतलं होतं. या खोऱ्यातल्या निम्म्या गाड्यांचे प्लग मीच वाचलेत. मीटर नाही, यंत्र नाही. नुसते डोळे.

जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर लहान घातला. आमच्याकडे साडेसात हजार फूट उंची, हवा विरळ. इथे लहानच लागतो.

१० सप्टेंबर

अजून गडद. आणखी एक नंबर खाली. वैताग आला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा एक नंबर खाली. पाठ गेली कामातून. बटाट्याची काढणी सुरू झाल्यापासून हवेत नुसती धूळ, दुपारचं ऊन डोळ्यांत खुपतं. रस्त्यावर समोरून ट्रक आला तो अगदी जवळ आल्यावर दिसला.

व्हर्नाने स्वयंपाकघराला पांढरा रंग दिलाय म्हणे. मला तर लोण्यासारखा दिसतो. दुकानदाराने फसवलं तुला, म्हटलं. तिने ब्रश आपटला.

१५ सप्टेंबर, रविवार

जमला! हवा तो रंग, कॉफीत बेताचं दूध घातल्यासारखा. आणि आवाज! इतकी खणखणीत ही गाडी नवी असतानाही वाजली नव्हती.

हॅस्केल कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता. चाळीस वर्षं शर्यतींत आम्ही एकमेकांची धूळ खाल्लीय. म्हणाला, "फारच गोड गातेय रे. मला अशा गोड गाड्यांची भीती वाटते." म्हटलं, "तुझी सुरू होत नाही, म्हणून तू जळतोस." खोकत खोकत हसला आणि गेला.

२१ सप्टेंबर, शनिवार

जोएलन आली. केस पिकलेत थोडे. पुएब्लो शहरात स्वतःचं केस कापायचं दुकान आहे, दिवसभर उभी असते. दारात मला मिठी मारली. मी म्हटलं, "टायरमध्ये हवा भरलीय."

दुपारी तिने एक चक्कर मारली, आणि लहानपणी शिकवलं होतं तसा आपणहून प्लग काढला. उन्हात धरून बघितला. "बाबा, हा मला पांढरट वाटतोय."

"पन्नास वर्षं प्लग वाचतोय मी. केस कापणाऱ्यांनी केसांचं बघावं."

हसली. म्हणाली, "बरं बाबा. तू म्हणतोस, तर तसं."

रात्री व्हर्नाचा हिरव्या मिरचीचा रस्सा दोन वाट्या खाल्ला तिने. तिची जुनी खोली आवरून ठेवली होती. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२२ सप्टेंबर

तिसऱ्या फेरीत, लांब उतारावर, इंजिन जागच्या जागी जाम. मागचं चाक अडकलं. पोर हँडलवरून पुढे.

२३ सप्टेंबर, सोमवार

जिवंत आहे. देवा, जिवंत आहे. गळपट्टीचं हाड मोडलं. उजवं मनगट दोन ठिकाणी. कात्रीचा हात.

मला गप्प बसता आलं नाही. दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी उभा राहून विचारलं, "उतारावर मूठ सोडून गॅस मिटलास ना? या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. वेगात गॅस मिटला की कोरडं पडतं. किती वेळा सांगितलंय!"

"नाही मिटला, बाबा."

"मिटलाच असणार. आपोआप थोडंच होतं?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. व्हर्नाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "या वयाला तरी शहाणा हो, एल्डन," एवढंच म्हणाली. पण खोटं कसं बोलू? चूक ती चूक.

हॅस्केलने गाडी आणून टाकली. म्हणाला, "उघडून बघू या, निदान प्लग तरी." मी म्हटलं, काय बघायचंय, प्लग मी आधीच वाचलाय. ताडपत्री घातली. गाडीकडे बघवत नाही.

२ ऑक्टोबर

जोएलन आईशी फोनवर बोलते. मी घेतला की ठेवते. चूक तिची आणि रुसायचंही तिनेच!

९ ऑक्टोबर

दुकान बंद ठेवलंय तिने. बोटं नीट मिटत नाहीत म्हणे. व्हर्नाकडून कळतं सगळं. मी पत्र लिहायला बसलो. "प्रिय जोएलन, घाबरून गॅस मिटणं कुणाच्याही हातून —" इथपर्यंत आलो. व्हर्नाने वाचलं आणि फाडलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

लायसन्सच्या कचेरीत नापास! तक्त्यावरची चौथी ओळ वाचता आली नाही. तिथल्या पोरसवदा बाई म्हणाल्या, "आजोबा, मोतीबिंदू असेल. डोळे तपासल्याशिवाय गाडी चालवू नका." आजोबा! परत येताना व्हर्ना चालवत होती आणि मी बाजूला गाठोड्यासारखा. थकलो. सगळ्यालाच थकलो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या महिन्यात. दुखत नाही. जोएलनला कळवलं का, विचारलं. व्हर्ना म्हणाली, "कळवलं." 

१४ नोव्हेंबर

सकाळी पट्टी काढली. घरी आल्यावर थेट गॅरेजात गेलो, ताडपत्री ओढली, प्लग काढला. उजवा डोळा झाकून मोतीबिंदूच्या डाव्याने पाहिला — दुधाच्या कॉफीचा. डावा झाकून पाहिला — खडूसारखा पांढरा. पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. पोरीला एका नजरेत दिसलं होतं, आणि ती माझ्या शब्दावर गाडीवर बसली.

व्हर्नाला म्हटलं, गाडी काढ, पुएब्लोला जायचंय. हे फोनवर सांगायचं नाही. प्लग खिशात घेतलाय.