हसऱ्याचा पूल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? भावोजी सकाळी खरंच फिरायला जातात, की अजून बूट घालून पेपरच वाचत बसतात? इकडे सगळे मजेत. माझीही तब्येत उत्तम आहे असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. पोटात सारखी जळजळ होते म्हणून गेलो होतो. सगळं तपासलं, काही निघालं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, कामावर काही नवीन घडलंय का? मी विषय बदलला. त्यांना सांगण्यासारखं नव्हतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत एक तरुण प्राध्यापक आलाय. मी त्याला हसरा म्हणतो (मनातल्या मनात, तोंडावर 'सर'). हा माणूस सतत हसतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हसतो, बैठक लांबली तरी हसतो. त्याच्या खोलीबाहेर विद्यार्थ्यांची कायम गर्दी. माझ्याही खोलीबाहेर विद्यार्थी थांबतात, नाही असं नाही, पण तिथे मोबाईलला रेंज चांगली येते म्हणून. आल्या आल्या त्याचा शोधनिबंध छापून आला, मग संशोधनाला निधी मिळाला, मग कुठेतरी भाषणाला बोलावणं. आणि या सगळ्या बातम्या विभागाच्या पत्रिकेत लिहितो कोण? मी! 'तुमची भाषा चांगली आहे,' असं विभागप्रमुख बाई म्हणाल्या आणि मी पाघळलो. तेव्हापासून मी माझ्याच हातांनी त्याच्यासाठी विशेषणं शोधतोय. 'उल्लेखनीय' संपलं, 'अभिमानास्पद' संपलं. गेल्या अंकात मी 'बरं' असं लिहून पाहिलं, तर बाईंनी ते खोडून 'देदीप्यमान' केलं.

यंदा तर कहर झाला. आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायची आंतरविद्यापीठ स्पर्धा असते. सगळ्यात जास्त वजन पेलेल तो पूल जिंकतो. पूल हा माझा विषय, ताई. उभा जन्म मी पूल शिकवण्यात घालवला. हसरा शिकवतो माती. तरी मुलं मार्गदर्शनासाठी गेली त्याच्याकडे आणि जिंकून आली. बरं, जिंकली ती कशी? तर म्हणे पूल मोडेचना. परीक्षकांकडची वजनं संपली, पण पूल तसाच उभा! वजनं संपली म्हणे! मी म्हटलं, वजनं पोकळ असतील. परीक्षक दमले असतील. जेवायची वेळ झाली असेल. आणि हे सगळं मनात ठेवून मला लिहायचं होतं काय, तर गौरव समारंभात वाचायचं मानपत्र. 'अभेद्य' या शब्दापाशी माझं पेन अडलं.

म्हणून परवा दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी प्रयोगशाळेत गेलो. पूल प्रदर्शनासाठी टेबलावर ठेवलेला होता. एवढासा, ओंजळीत मावेल असा. मी तो उचलून दाब देणाऱ्या यंत्राखाली ठेवला. (हेतू शुद्ध होता असं आधी लिहिलं होतं, पण तू माझी बहीण आहेस, तेव्हा खोडलं.) मला तो मोडताना बघायचा होता, बस. यंत्र सुरू केलं. काटा हलला. पूल गप्प. काटा स्पर्धेतल्या आकड्याला पोचला. पूल गप्प. काटा पुढे गेला, आणि ताई, तिथे मला काय झालं कळत नाही. मी खाली वाकून एकेक सांधा बघायला लागलो. भार असा काही वाटून घेतला होता त्या काड्यांनी, की मी वर्गात इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून जे दाखवत होतो ते समोर जिवंत दिसत होतं. मी चक्क पुटपुटायला लागलो, 'धर, धर, सोडू नकोस!' आणि तेवढ्यात कडाड्! एक काडी चष्म्यावर, बाकीच्या जमिनीवर.

मागे वळलो तर दारात हसरा उभा, आणि त्याच्याबरोबर ती पूल बांधणारी मुलगी, त्यांच्या संघाची कप्तान. तिच्या हातात पुलावर लावायची नावाची पट्टी होती.

"सर, आमचा पूल..." एवढंच ती म्हणाली आणि खाली बसून तुकडे गोळा करायला लागली. हसरा त्या दिवशी पहिल्यांदा हसत नव्हता. हे बघायला मी वर्षभर तरसलो होतो, पण त्या क्षणी अजिबात बरं वाटलं नाही.

मग तिने एक तुकडा उजेडात धरला. "सर, सांधा सुटलेला नाही! काडी तुटली आहे! मला सांध्यांचीच भीती होती." मग तिने काट्याकडे बघितलं आणि किंचाळली. स्पर्धेतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

"तुम्ही आमच्यासाठी चाचणी घेतलीत?" हसऱ्याने विचारलं. "आमचा धीरच होत नव्हता हो!"

मी म्हटलं, "चाचणी कसली? मी मोडायला आलो होतो. जळून."

"सर, चाचणी म्हणजे मोडणंच की!" असं म्हणून तो एवढ्या जोरात हसला की बाकीची मुलं धावत आली. आणि त्या मुलीने, डोळे पुसत, माझा हात हातात घेऊन हलवला. मी पुन्हा सांगून पाहिलं. सगळे पुन्हा हसले. खरं बोलून माझ्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

आता तुटलेले तुकडे काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, खाली नवा आकडा लिहून. हसऱ्याला उत्कृष्ट शिक्षकाचा पुरस्कार आहे, आणि मला 'निःस्वार्थ सहकार्याबद्दल' प्रमाणपत्र. व्हरांड्यात त्याच्या फोटोशेजारी माझाही फोटो लागलाय, पण आग विझवायच्या नळकांड्याच्या मागे. माझा एक कान तेवढा दिसतो. अशा समारंभाला मी पाऊलही टाकणार नाही, हे मी तुला शपथेवर सांगतो.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजींचा तो निळा कोट शुक्रवारच्या आत पोचता कर. स्टेजवर उजेड जास्त असतो, माझा कोट कोपरांवर चकाकतो.

ता. क. पुन्हा : तुझ्या धाकटीने आमच्याकडे प्रवेश घेतल्यापासून तू विचारते आहेस, तिने शेवटच्या वर्षाचं काम कुणाच्या हाताखाली करावं. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. हसऱ्याकडे करू दे. मी त्याच्याजवळ शब्द टाकलाय, तो हसला, म्हणजे हो. फक्त तिला एवढं बजावून ठेव, व्हरांड्यात आम्ही दोघं एकदम दिसलो तर आधी माझ्याशी बोलायचं. आणि जरा मोठ्याने.