मार्चमधल्या वाऱ्याचे वाक

३ जुलै

वाऱ्याला कड असते का? माहीत नाही. माझं सगळं काम मात्र ती असते असं धरून चाललंय.

उपग्रहाच्या चित्रात हवेतली वाफ दिसते. ओली हवा पांढरी, कोरडी काळी. आपल्या डोक्यावरून, खूप उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचा एक मोठा प्रवाह वाहतो. पांढरं आणि काळं जिथे भेटतं तिथे तो आहे असं समजायचं. संगणक तिथे रेघ ओढतो. रेघ कुठे वाकून दक्षिणेला उतरते ते मी मोजते. मार्चमध्ये असा वाक आपल्याकडे उतरला की गारपिटीची भीती वाढते.

चित्र मोठं करून पाहिलं तर पांढऱ्याचं काळं नेमकं कुठे होतं ते सांगता येत नाही. मध्ये नुसतं राखाडी. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, असले प्रश्न पीएचडी झाल्यावर विचारायचे असतात.

५ जुलै

जर्नलनं पेपर स्वीकारला! मार्चमधले वाक गेल्या काही वर्षांत जवळजवळ दुप्पट झालेत — हा निकाल. माझं नाव पहिलं, मॅडमचं दुसरं. मॅडमनी विभागात पेढे वाटले आणि एका पत्रकाराला फोनही केला.

आईला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, दुप्पट म्हणजे चांगलं का वाईट? वाईट, म्हटलं. मग पेढे कशाचे, म्हणाली.

१० जुलै

बातमी आली. गावच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागलाय. नवनाथने फोटो पाठवला. पदवीच्या काळ्या झग्यातली मी, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. दोघे त्यातही मोबाइलवर बोलतायत. धाकटा भाऊ म्हणून नवनाथचाही एक गोल आहे. मला ‘हवामान शास्त्रज्ञ’ करून टाकलंय. अजून नाही झाले, असं नवनाथला कळवलं. तो म्हणतो, खोडायचं तर शिडी आण.

२७ तारखेला मारुतीच्या पारावर सत्कार.

१३ जुलै

घरी जाऊन आले. वडील — नाना — आणि शेजारच्या बागेचे कारभारी तात्या ओट्यावर माझीच वाट बघत होते.

दोघांनी ठरवलंय — यंदा द्राक्षाची छाटणी ऑगस्टातच, सटाण्याकडे करतात तशी. आपल्याकडे ऑक्टोबरात छाटतात, म्हणून मार्चात माल वेलीवर असतो आणि गारा नेमक्या त्याच वेळी येतात. आधी छाटलं तर माल आधी निघतो. पण फुलोरा पावसात सापडला तर घड वेलीवरच कुजतात. आजवर याच भीतीनं नानांनी कधी ते केलं नाही. आता तात्यांच्या मागे गावातले अजून काहीजण आहेत. पेठकडच्या मजुरांच्या टोळीला तारीखही देऊन झाली.

तात्या म्हणाले, “टीव्हीवाले खालून सांगत्यात. हिनं वरून पाह्यलंय.”

नानांनी माझ्या शिक्षणाबद्दल आजपर्यंत एकच प्रश्न विचारला होता — संपणार कधी. आज म्हणाले, ती रेघ दाखव. मोबाइलवर दाखवली. बोटानं मोठी करून बराच वेळ बघत राहिले.

मला फार बरं वाटलं. लिहून ठेवते.

१७ जुलै

सत्काराला लोकांना दाखवायला दोन चित्रं छापायची होती, एक जुनं आणि एक अलीकडचं. शेजारी शेजारी ठेवली.

जुन्यात चौकोन दिसतात, भरड. नवं बारीक, तलम. मधल्या एका वर्षी उपग्रह बदलला, हे मला माहीत होतं. उजेड जुळवून घेतला होता, वेळ जुळवली होती. बारकावा जुळवला नाही. भरड चित्रात रेघ सरळ जाते. बारीक चित्रात तीच रेघ नागमोडी होते. संगणक प्रत्येक वळण मोजतो.

१८ जुलै

नवी चित्रं जुन्यांइतकी भरड केली. सगळं पुन्हा चालवलं.

वाढ गेली.

१९ जुलै

दुसऱ्या पद्धतीनं करून पाहिलं. वाढ नाही. घटही नाही. एवढ्या चित्रांवरून काहीच सांगता येत नाही.

२१ जुलै

मॅडमना दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं. म्हणाल्या, चूक नाही ही, मर्यादा आहे. पेपरच्या शेवटी एक ओळ टाकायची. मी म्हटलं, त्या एका ओळीनं अख्खा निकाल जातो.

“तू पेपर मागे घेतलास तर गारा थांबतात का?”

नाही म्हटलं.

“मग? तुझी पुढची फेलोशिप या पेपरवर आहे. माझा प्रकल्पही.”

त्या वाईट नाहीत. मला एम.एस्सी.ला असताना पुस्तकं त्यांनीच दिली. ओळ कशी लिहायची तेही सांगितलं. चांगली ओळ होती.

२२ जुलै

नानांना फोन केला. नवनाथने उचलला. नाना तात्यांबरोबर सटाण्याला गेलेत, तिथल्या बागा बघायला. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, असं मी ठरवलं. सोयीचं ठरवलं.

२३ जुलै

मॅडमचा मेसेज — ओळ टाकलीस का?

२७ जुलै

सत्कार झाला. मॅडम येणार होत्या, आल्या नाहीत. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. मग माईक माझ्याकडे.

दोन्ही चित्रं हातात धरून सांगितलं — वाक वाढलेत हे मी दाखवू शकत नाही, ते चित्राच्या बारकाव्यामुळे दिसत होतं. माझ्या भरवशावर छाटणी ठरवू नका. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नम्रतेचं बोलणं वाटलं असावं. म्हणून परत सांगितलं. मग टाळ्या नाही झाल्या.

तात्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, “मंजे आता गारा पडनार नाय?”

“पडतील, तात्या. वाढल्यात का, ते मला माहीत नाही.”

“मग ह्या नारळाचं काय करायचं?” लोक हसले. मीही हसले.

नाना हसले नाहीत. गाडीवरून घरी आलो. जेवताना म्हणाले, टोळीला नाय म्हणून सांगू का? मी म्हटलं, नेहमी ठरवता तसं तुम्हीच ठरवा.

“नेहमी भ्यायचो अन् ऑक्टोबरात छाटायचो. यंदा पहिल्यांदा भ्यालो नव्हतो.”

आईनं भाकरी वाढली.

२८ जुलै

पेपर मी २३ तारखेलाच, मॅडमचा मेसेज आला त्या दिवशी, मागे घेतला. जर्नलला लिहिलेल्या पत्राची प्रत मॅडमना गेली आहे. या वहीतही लिहिलं नव्हतं. नानांसमोर उभी राहीन तेव्हा परत फिरायला वाट नको होती.