थ्रेडबोला तिघांची रूम

२२ मार्च २०२०, पॉइंट कुक, मेलबर्न
लीना आज लेकीला, श्रियाला घेऊन सिडनीला गेली. तिची बहीण सुनेत्रा वेंटवर्थव्हिलला राहते, तिच्याकडे. दोन आठवडे. बॅगा तीन. लीनाचं पॅकिंग पहिल्यापासून ओव्हर. आमच्या गौरींचे मुखवटेही नेले. गौरी ऑगस्टमध्ये, मग मुखवटे आत्ता कशाला? चोरीबिरीची भीती असावी. परवाचं भांडण अगदी किरकोळ होतं. मी कॉलवर होतो, त्यामुळे निम्मं ऐकलंच नाही.

१० एप्रिल
लॉकडाऊन. दोघी तिकडे अडकल्या, बिचाऱ्या. हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला मी नाही. मॅप उघडला. मेलबर्न आणि सिडनीच्या साधारण मध्यावर थ्रेडबो. डोंगरातलं स्कीइंगचं गाव. जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, त्या तिकडून येतील, मी इकडून जाईन. तीन दिवस बर्फात, मग एकाच गाडीतून घरी. तिघांची रूम बुक केली. एक्सेल शीट बनवून लीनाला शेअर केली. तिने अजून उघडलेली नाही. सुनेत्राकडचं नेट स्लो असेल.

२० जून
स्कीइंगला पाय मजबूत हवेत. उद्यापासून रोज स्क्वॉट्स. श्रियासाठी बर्फातली पँट घेतली, साइझ अंदाजाने. व्हिडिओवर ती खांद्यापर्यंतच दिसते.

२१ जून
पहिल्याच स्क्वॉटला कंबर धरली. बाकीचे उद्यापासून.

७ जुलै
आज रात्रीपासून दोन राज्यांमधली बॉर्डर बंद. मेलबर्नला पुन्हा लॉकडाऊन. नेमकं आमच्याच ट्रिपच्या तोंडावर! लीनाला फोन करून धीर दिला. तिचा आवाज अगदी शांत. म्हणाली, तू नीट जेवतोस ना? किती ही काळजी. बुकिंग सप्टेंबरला ढकललं. तेव्हाही बर्फ असतो म्हणे.

२६ ऑगस्ट, गौरीपूजन
व्हिडिओवर गौरी पाहिल्या. लीनाने सुंदर मांडल्या होत्या. मागची भिंत मात्र सुनेत्राकडची वाटेना. विचारलं. लीनाने वेगळा फ्लॅट घेतलाय, वर्षाच्या लीजवर. योग्य निर्णय. बहिणीकडे किती दिवस अडचण करायची? मीही हेच सुचवणार होतो.

शेजारच्या प्रतापला कुंपणावरून हे सांगितलं. तो म्हणाला, उल्हास, गौरी तिकडे बसल्या म्हणजे तुझं घर तिकडे गेलं रे. प्रतापचा स्वभावच निगेटिव्ह. आईलाही फोनवर कळलं. ती म्हणाली, सुनेने गौरी आपल्या घराबाहेर बसवल्या कशा? मी म्हटलं, कोविडमुळे. आई गप्प झाली. कोविडमुळे म्हटलं की हल्ली सगळे गप्प होतात.

इथे गणपतीपुढे नैवेद्याचं वरण करपलं. तेच ठेवलं.

२३ नोव्हेंबर
बॉर्डर उघडली! आता बर्फ नाही, पण बर्फाचं काय एवढं? थ्रेडबो बारा महिने चालू असतं. उन्हाळ्यात चेअरलिफ्टने वर जायचं, फुलं बघायची. शीटमध्ये ‘समर’ नावाचा नवा टॅब केला. ख्रिसमसचं बुकिंग. लीना म्हणाली, उल्हास, मला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हटलं, थ्रेडबोलाच निवांत बोलू, आधी तारखा बघ. ती म्हणाली, बघते. म्हणजे जमलंच.

२० डिसेंबर
सिडनीत पुन्हा केसेस. ट्रिप कॅन्सल. तिच्या आवाजात मला निराशा जाणवली. तिला वाटली नसेल, पण मला जाणवली.

२ फेब्रुवारी २०२१
श्रिया फोनवर नव्या युनिफॉर्ममध्ये. सिडनीची शाळा. म्हटलं, टेंपररी आहे ना? म्हणाली, Dad, I've got a best friend here. मैत्रीण होणं चांगलंच. फोन ठेवल्यावर तिच्या खोलीत जरा बसलो. खोली झाडायची होती. झाडली नाही.

१५ मार्च
लीनाचा स्वतःहून फोन! म्हणाली, ईस्टरला थ्रेडबोला येते. एका दिवसासाठी. मी आधी बुकिंग केलं. ‘ऑटम’ टॅब. आता प्रतापला सांगायला हवं.

३ एप्रिल, थ्रेडबो, सकाळ
दोघी काल अलीकडच्या गावात, जिंडाबाइनला मोटेलात राहिल्या. इथे रूम असताना! उशीर झाला असेल. गार वारा, उघडे डोंगर, बर्फाचा कणही नाही. मी बेसनाचे लाडू करून आणलेत. जरा कडक झालेत.

त्याच दिवशी, दुपार
नदीकाठच्या बाकावर बसलो. श्रिया पाण्यात दगड टाकत होती. माझ्या खांद्याला लागते आता. मी लीनाला परतीचा प्लॅन सांगायला घेतला. तिने माझ्या हातातला फोन काढून बाकावर ठेवला. म्हणाली, मी परत येणार नाहीये. वर्षभर सांगायला बघतेय, आणि तू दर वेळी नवीन तारीख देतोस. शेवटी वाटलं, हे तोंडावरच सांगायला हवं. म्हणून आले.

मी म्हटलं, जूनमध्ये बर्फ पडेल.

ती रडली. मी तिला लाडू दिला. तिने खाल्ला. कडक होता तरी पूर्ण खाल्ला.

जाताना श्रियाने मला घट्ट मिठी मारली. मराठीत म्हणाली, बाबा, जेव हां नीट. हे वाक्य तिला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी हात हलवत होतो.

४ एप्रिल
दोन रात्री बाकी होत्या, पण चेकआउट केलं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, विंटरचं बुकिंग भराभर जातंय, आत्ताच करून ठेव, mate. मी कार्ड काढलं. म्हणाली, तिघांची हीच रूम ना? म्हटलं, हो, हीच. पण एकाच्या नावावर. ती म्हणाली, एकट्याला ती फार मोठी पडेल. मी म्हटलं, सवय झालीय.

गाडीत येऊन बसलो तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. खूप वेळ चावी फिरवता आली नाही.