वजनावरची मूठ

६ ऑक्टोबर

नोकरी! बेचाळिसाव्या वर्षी, पहिलीच. रिसोडला शेतकऱ्यांच्या कंपनीचं बियाण्याचं दुकान — मेथी, धने, पालक, सुटं बी तोलून द्यायचं.

या वयात कॉलेज केलं, ते आत्ताच संपलं; तरी अजून मी तिथंच आहे असं वाटतं. शेवटचा बाक, मला मावशी म्हणणाऱ्या पोरी, खिडकीत कडुनिंब. सर इतिहास शिकवायचे आणि मी त्या कडुनिंबात असायची. दुकानाला खिडकी नाही. इथं डोळे काट्यावर ठेवायचे.

मॅनेजर भागवत सर, माझ्या लेकीपेक्षा, सुप्रियापेक्षा थोडेच मोठे. मला मॅडम म्हणतात. दिवाळी झाली की कायम करायचं की घरी पाठवायचं ते सांगणार.

९ ऑक्टोबर

आज बाजार. डबा तसाच ठेवून सासूबाईंकडे गेले. इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच गोणपाटावर भाजी विकत आलो. वांगी, मिरच्या, सगळं त्यांनी आपल्या बाजूला दाटीनं लावलेलं. माझी अर्धी बाजू रिकामी. शेजारची लिलाबाई तिथं टोपली सरकवत होती, तर म्हणाल्या, "ते जागा वैजयंतीची हाय. येईन ते वापस."

दुकानात परत येईपर्यंत ती रिकामी जागा डोळ्यांपुढे होती. बसावंसं वाटलं — खोटं कशाला लिहू?

१७ ऑक्टोबर

धन्याच्या बियाला एक वास असतो. पोत्यात हात घातला की मी कुठे कुठे जाऊन येते. शेतात, वर्गात, आईच्या ओट्यावर. मग काटा स्थिर होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, बाई, झालं का?

२८ ऑक्टोबर

आज घात झाला.

पोहरादेवीकडचे किसनसिंगकाका मेथीचं बी घ्यायला आले. मी तोललं, पिशवीत ओतलं आणि वर एक मूठ टाकली. हात आपोआप गेला! भाजीचं वजन झालं की वर चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी — बाजारात कोण टाकत नाही?

भागवत सर मागेच उभे. काका जाईपर्यंत थांबले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, रोज असंच करून राह्यल्या काय तुमी?"

मी हो म्हटलं. पोती लवकर का संपतात हे त्यांना आज कळलं. इतके दिवस उंदरांवर आळ होता! पुन्हा दिसलं तर कायम करायचा विषय काढू नका, म्हणाले. रागावले नाहीत. त्यानं जास्त लागलं.

२९ ऑक्टोबर

आज बरोबर तोललं. दाणा इकडे नाही, तिकडे नाही. एक म्हातारी पिशवीचं तोंड उघडंच धरून उभी राहिली. मी पोत्याकडे पाहिलं नाही. तिनं हळूच पिशवी मिटली.

इतकी लाज परीक्षेतही कधी वाटली नव्हती.

३० ऑक्टोबर

जेवताना सासूबाईंना सगळं सांगितलं. नोकरी सोडते, म्हटलं. वाटलं, खूश होतील.

त्यांनी भाकरी मोडली. "काहून सोडतं? त्या मॅनेजर पोराचं बरोबर हाय. वरची मूठ आपल्या घरची असते वं. दुसऱ्याच्या पोत्यातून देशीन तर ते देनं झालं काय?"

मग उठल्या. पुढच्या पेरणीसाठी राखेत ठेवलेलं घरचं मेथीचं बी काढलं, चाळून फडक्यात बांधलं आणि माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.

३१ ऑक्टोबर

पुडकं काट्याच्या बाजूला ठेवलं. आधी तोलते, मग वर मूठ. आता ती मूठ चिमटीएवढीच, पण माझी! भागवत सरांनी पुडक्याचा वास घेतला. राखेचा वास. त्यांच्या आजीकडे असंच ठेवायचे, म्हणाले आणि कितीतरी वेळ दाराबाहेर बघत राहिले. म्हणजे तेही जातात कुठेतरी!

१२ नोव्हेंबर

कायम!! घरी सांगितलं. सासूबाई हूं म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

१३ नोव्हेंबर

पेढे घेऊन बाजारात गेले. गोणपाटाच्या माझ्या बाजूलाही सासूबाईंनी गड्ड्या लावलेल्या. मेथीच्या. कडेपर्यंत.