गार पोट

शनिवार, संध्याकाळ. अर्विंग

अजून विश्वास बसत नाहीये. गरोदर बायकांच्या फोटोशूटमध्ये पोज जमवून देताना क्लायंटच्या पोटाला हात लावण्याआधी मी नेहमी तळवे चोळून गरम करते. आज पोटच गार लागलं! हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि आत फोमचं खोटं पोट.

आजची क्लायंट अनघा खाली बघत म्हणाली, "ताई, बाळ आमचंच आहे, पण सरोगेटच्या पोटात. तिकडे पुण्याला सासूबाईंना सांगितलं नाहीये. त्यांना डोहाळजेवणाचे फोटो हवेत."

मी सवयीनं म्हटलं, "हात पोटाखाली धर."

तेवढ्यात सरोगेटचा मेसेज आला, बाळ लाथा मारतंय. अनघानं ते गार पोट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि रडायलाच लागली. इतका खरा चेहरा मी कधी टिपला नव्हता.

आजही नाही टिपला. कॅमेरा उचललाच गेला नाही.